रस्सा कशाचा? सोलमध्ये शाकाहारी आईबरोबर नूडल्स

जून २०२५ मध्ये ऑफिसच्या कामासाठी मला सोलला जायचं होतं. कामाला जोडून थोडी सुट्टी काढली आणि आईलाही बरोबर न्यायचं ठरलं. आईला कोरियाचं वेड लॉकडाऊनमध्ये लागलं. तिच्या मालिकांतली माणसं भांडण झालं की नूडल्स खातात, समेट झाला की नूडल्स खातात आणि नोकरी गेली तर एकटी बसून नूडल्स खातात. त्यामुळे राजवाडे राहिले तरी चालतील, पण तसल्या छोट्या दुकानात बसून वाडगाभर नूडल्स खायच्याच, ही तिची अट होती. अडचण अशी की आई पूर्ण शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. मी मासे आणि चिकन खाते. बीफ आणि पोर्क खात नाही. निघण्याआधी मराठीत काही वाचायला मिळतं का ते शोधलं, तर बार्बेक्यूची वर्णनंच हाती लागली. म्हणून जे जसं घडलं ते सविस्तर लिहितेय.

व्हिसाबद्दल थोडक्यात: भारतीय पासपोर्टला के-एटा, म्हणजे ऑनलाइन प्रवास-परवाना, चालत नाही, रीतसर व्हिसाच काढावा लागतो. त्यापुढची तयारी सगळी फोनवर. आम्ही गेलो तेव्हा गूगल मॅप्स दक्षिण कोरियात चालत जायचा रस्ता धड दाखवत नव्हतं, कारण तिथलं सरकार सुरक्षेचं कारण देऊन तपशीलवार नकाशे देशाबाहेर सहजी जाऊ देत नव्हतं. तिथे नेव्हर मॅप लागलं. ते इंग्रजीत चालतं आणि दुकानाची वेळ, दुपारची सुट्टी, मेनूचे फोटो सगळं दाखवतं. दुसरं ॲप पापागो, भाषांतरासाठी. फोटो काढला की पाटीवरचं वाचून दाखवतं. अधूनमधून विनोद करतं, पण 'बीफ' आणि 'डुक्कर' बरोबर ओळखतं. आम्हाला तेवढं पुरेसं होतं.

सगळ्यात उपयोगी पडलं ते एक कार्ड. आमच्या सोल ऑफिसमधल्या एका सहकारी मुलीला मी व्हिडिओ कॉलवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, 'शाकाहारी' असं नुसतं सांगू नका. दुकानदार चांगल्या मनाने वरचे मांसाचे तुकडे काढून टाकेल आणि त्याच रश्श्यातल्या नूडल्स पुढे ठेवेल. विचारायचं ते रस्सा कशाचा आहे हे. तिने कोरियनमध्ये चार ओळी लिहून दिल्या. आई मांस, मासे, अंडी खात नाही. रश्श्यातही चालत नाही. तुमच्याकडे असं काही आहे का? नसेल तर काही हरकत नाही, आम्ही दुसरीकडे जाऊ. शेवटची ओळ मला आधी जरा जास्तीची वाटली होती. प्रत्यक्षात तिच्यामुळेच माणसं खरं उत्तर देतात. नाही तर पाहुण्याला परत पाठवायचं कसं या संकोचात 'चालेल, चालेल' होऊन जातं.

आता रश्श्याचं गणित. तिथलं सगळ्यात घरगुती प्रकरण म्हणजे कालगुक्सू. कणीक लाटून, घडी घालून सुरीने कापलेल्या नूडल्स थेट रश्श्यातच शिजवतात. पिठामुळे रस्सा दाट होतो. आईला मी हे वाचून दाखवलं तर ती लगेच म्हणाली, "अगं, मग या चकोल्याच की!" पद्धत खरंच तशीच आहे, फक्त वरणाच्या जागी दुसरंच काही असतं. बहुतेक ठिकाणी सुक्या अँचोव्ही मासळीचा रस्सा असतो. ही मांदेलीच्या कुळातली, बोटाएवढी मासळी. ती समुद्री शेवाळाबरोबर उकळून गाळून घेतात. काही ठिकाणी तिसऱ्यांचा रस्सा, काही ठिकाणी कोंबडीचा, काही ठिकाणी गाईबैलाच्या पायाच्या हाडांचा. बर्फाळ रश्श्यातल्या नेंगम्यनचं नाव सगळीकडे ऐकू येतं, पण तिचा रस्सा बहुधा बीफचा असतो, त्यामुळे ती आम्हा दोघींसाठी बाद. काळ्या सॉसमधल्या जाजांगम्यनमध्ये पोर्क असतं. तीही बाद.

उरल्या दोन. एक कोंगगुक्सू, म्हणजे सोयाबीन भिजवून, उकडून, वाटून केलेल्या गार दाट दुधातल्या नूडल्स. ही मुख्यतः उन्हाळ्यातच मिळते. दुसरी पातकालगुक्सू, लाल चवळीसारख्या दिसणाऱ्या बारीक दाण्यांच्या दाट सारातली. कागदावर तरी दोन्ही शाकाहारी.

गुरुवारी, १२ जूनला, आई हॉटेलवर आराम करत होती, म्हणून मी एकटीच नामदेमुन बाजारात जाऊन आले. आईला नेण्याआधी एकदा बसायचं कसं, मागायचं कसं हे बघून घ्यायचं होतं. मेट्रोच्या चार नंबर लाइनवर ह्वेह्यन स्टेशन, पाच नंबरचा दरवाजा. बाहेर आलं की कालगुक्सूची गल्ली शेजारीच आहे. गल्ली कसली, बोळच. दोन्ही बाजूंना लांबट ओटे, ओट्यामागे बायका नूडल्स कापतायत, पुढे बाकावर खांद्याला खांदा लावून माणसं खातायत. मधून एक माणूस जेमतेम जातो. प्रत्येक ओट्यावरून हाका येतात, त्यामुळे क्षणभर बावरायला होतं. मी जिथे एक बाक रिकामं दिसलं तिथे बसले.

कार्ड दाखवायचं कारण नव्हतं, मी मासे खाते. तरी 'सोगोगी?' एवढं विचारलं, म्हणजे बीफ. ओट्यामागच्या बाईंनी हात हलवला आणि सुक्या मासळीचं आख्खं पातेलंच झाकण काढून दाखवलं. एका मिनिटात वाडगा पुढे. या गल्लीची ख्याती अशी की कालगुक्सू मागवली की छोट्या वाटीत तिखट नेंगम्यन फुकट येते. ती नको असेल तर आधीच सांगावं, कारण इतक्या पटकन येते की नाही म्हणायला वेळ राहत नाही. दहा हजार वोनांची नोट दिली, थोडे सुटे परत आले. त्या वेळी हजार वोन म्हणजे साधारण त्रेसष्ट रुपये पडत होते. एकट्या माणसाला काही कोरियन हॉटेलांत, विशेषतः मांस भाजून खायच्या ठिकाणी, नाही म्हणतात. नूडल्सच्या दुकानात एकटं जायला काहीच संकोच नको. माझ्या दोन्ही बाजूंना एकटेच जेवणारे होते.

शुक्रवारी आईची पाळी. सिटी हॉलच्या परिसरात, कचेऱ्यांच्या मधल्या गल्लीत कोंगगुक्सूचं एक साधं दुकान सहकारी मुलीने सुचवलं होतं. मेनूवर मोजकेच पदार्थ. हे फार महत्त्वाचं आहे. ज्या दुकानात वीस प्रकार असतात तिथे एकच रस्सा सगळीकडे फिरतो. ज्या दुकानाचा जीव एकाच पदार्थावर आहे तिथे विचारलेल्या प्रश्नाला नेमकं उत्तर मिळतं.

आम्ही पावणेबाराला पोचलो. बाराच्या ठोक्याला सगळ्या कचेऱ्या एकदम सुटतात, त्यामुळे सव्वाअकरा किंवा थेट दीडनंतर जावं, असं आता सांगेन. दीडनंतर गेलात तर घड्याळाकडे लक्ष ठेवा, कारण पुष्कळ दुकानं तीन ते पाच बंद असतात आणि शेवटची ऑर्डर त्याआधी अर्धा तास घेतात. दारात एक मशीन होतं. त्यात किती माणसं ते टाकायचं आणि मोबाइल नंबर द्यायचा. आपली पाळी आली की काकाओटॉक या तिथल्या मेसेजिंग ॲपवर निरोप येतो. पण मशीनला ०१० ने सुरू होणारा कोरियन नंबर लागतो आणि आमच्या फोनमध्ये फक्त डेटा देणारं ई-सिम, नंबरच नाही. मशीन पुढे सरकेना. मागे रांग. आईने माझ्याकडे बघितलं, मी मशीनकडे. शेवटी मी आतल्या पोऱ्याला हाताने खूण केली. त्याने एका चिठ्ठीवर आकडा लिहून दिला आणि दाराजवळचा स्टूल दाखवला. ही सोय बहुतेक ठिकाणी होते, फक्त नजरेसमोरून हलायचं नाही. सोबतचं कुणी मागून येणार असेल तर सगळे येईपर्यंत आत घेत नाहीत, तेही लक्षात असू द्या.

पंचवीसेक मिनिटं बसलो. आई म्हणाली, तांदूळ खाणारा देश ना हा, मग जागोजागी गव्हाच्या नूडल्स कशा? तिचा प्रश्न बरोबर होता. कोरियात गहू पूर्वी दुर्मीळ. कोरियन युद्धानंतर अमेरिकेच्या मदतीतून मैदा येऊ लागला आणि तांदळाचा तुटवडा होताच. मग सरकारनेच लोकांनी भात कमी आणि मैद्याचे, मिसळ धान्याचे पदार्थ जास्त खावेत म्हणून मोहीम चालवली. १९६९ पासून काही वर्षं बुधवार आणि शनिवार हे बिनभाताचे दिवस होते. त्या दिवशी खाणावळींना सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच भात विकायला बंदी. शाळेत डबे उघडून तपासत, भातात दुसरं धान्य मिसळलंय की नाही ते. सोलमधलं कालगुक्सूचं प्रसिद्ध दुकान म्यँगदाँग क्योजा १९६६ चं, म्हणजे त्याच काळातलं. आईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आपल्याकडे रेशनवर मिलो यायचा, तसं." मग बराच वेळ त्या मिलोच्या, म्हणजे अमेरिकेतून येणाऱ्या लाल ज्वारीच्या, भाकरीबद्दल बोलत राहिली. रांगेत वेळ चांगला गेला.

आत गेल्यावर मी आधी भिंत बघितली. कोरियात खाणावळींना काही पदार्थ कुठल्या देशातून आले ते लिहून लावणं कायद्याने बंधनकारक आहे. बीफ, पोर्क, कोंबडी, तांदूळ, किमचीची (म्हणजे तिखट आंबवलेल्या भाजीची) कोबी आणि मिरचीपूड, टोफू आणि कोंगगुक्सूचं सोयाबीन, काही ठराविक मासे. ग्राहकाला देशी माल की परदेशी हे कळावं म्हणून तो तक्ता असतो, पण आपल्याला तो वेगळ्याच कामाला येतो. पापागोने फोटो घेतला की कळतं, या स्वयंपाकघरात बीफ आहे की नाही. मात्र त्या यादीत अँचोव्ही येत नाही. तिसऱ्याही नाहीत. म्हणजे तक्ता बीफ-पोर्क टाळणाऱ्यांना जवळजवळ पुरा पडतो, शाकाहारी माणसाला अर्धाच. उरलेल्या अर्ध्यासाठी कार्ड.

कार्ड वाचून बाई आत गेल्या, कुणाला तरी विचारून आल्या आणि सोयाबीनच्या वाडग्याच्या फोटोवर बोट ठेवलं. नूडल्स साध्या पाण्यात उकडतात, गार पाण्यात धुतात आणि वरून सोयाबीनचं दूध ओततात. मासळीच्या रश्श्याचा कुठे संबंध नाही. वर अर्धं उकडलेलं अंडं असतं ते नको, हे त्यांनीच खुणेने विचारलं. आईचा चेहरा एकदम सैल झाला. टेबलावरच्या टॅबलेटवर इंग्रजीचं बटण होतं, पण ऑर्डर देताच पैसे भरायचे आणि त्याने माझं भारतीय कार्ड दोनदा नाकारलं. गल्ल्यावरच्या साध्या मशीनवर तेच कार्ड चाललं. तरी पन्नास हजार वोन रोख जवळ ठेवाच. एका वाडग्याचे तेरा हजार, दोघींचे सव्वीस हजार, म्हणजे सोळाशे रुपयांच्या आसपास. 'माणशी एक वाडगा' अशी पाटी असते, एकात दोघी चालत नाही. टिप देत नाहीत. ठेवलीत तर मागे धावत येऊन परत करतील.

चमचे कुठेत म्हणून आई इकडेतिकडे बघत होती. ते टेबलाच्या कडेला असलेल्या खणात असतात, तिथेच चॉपस्टिक आणि टिश्यू. पाणी आपलं आपण घ्यायचं, पेले निर्जंतुक करणाऱ्या कपाटात. स्टीलच्या चपट्या चॉपस्टिकवरून नूडल्स सटकतात. आईने सरळ काटा मागितला, मिळाला, कुणी वळूनही बघितलं नाही. हाक मारायची तर 'योगीयो' म्हणायचं. काही टेबलांवर घंटीचं बटण असतं.

वाडगा आला. पांढराशुभ्र दाट रस, वर काकडीच्या काड्या, आत नूडल्स. आईने एक चमचा घेतला आणि गप्प झाली. मग म्हणाली, "मीठ घालायला विसरलेत." विसरले नव्हते. कोंगगुक्सू अळणीच येते, मीठ आपण घालायचं. नैऋत्येकडच्या जॉल्ला भागात साखर घालतात, सोलमध्ये मीठ. त्या टेबलावर दोन्ही डबे होते. आईने अर्थातच दोन्ही घातलं. शेजारच्या टेबलावरचे एक आजोबा हे बघून हसले आणि अंगठा दाखवला. त्यानंतर आईने वाडगा रसासकट संपवला. मी मात्र अर्ध्यावर थकले. तो रस दिसतो त्यापेक्षा जड असतो, पोट लवकर भरतं.

किमचीला आईने हात लावला नाही. किमचीत बहुधा खारवलेला जवळा किंवा माशाचा सॉस असतो, 'भाजीच तर आहे' म्हणून शाकाहारी लोक फसतात ते इथेच. ती तशीच राहिलेली बघून बाईंना वाईट वाटलं असावं. त्या आत गेल्या आणि थोडी काकडी चिरून घेऊन आल्या. जेवणासोबत येणाऱ्या छोट्या ताटल्यांतलं काहीही दुसऱ्यांदा मागितलं तरी पैसे पडत नाहीत, पण ही काकडी मागितली नव्हती.

शनिवारी ओव्यासारखी पानं असलेल्या पेरिलाच्या बियांची कालगुक्सू मिळेल म्हणून एका दुकानात गेलो. फोटोत दाट, करडी, अगदी निष्पाप दिसत होती. कार्ड वाचून मालक म्हणाले, रस्सा मासळीचा. बाहेर पडलो. त्यांनी दारापर्यंत येऊन वाकून नमस्कार केला, आईनेही हात जोडले. पाच मिनिटांत सगळं आटोपलं. तासभर जेवून मग कळण्यापेक्षा हे बरं. रविवारी बरीच दुकानं बंद असतात, त्या दिवशी केळी आणि ब्रेडवर भागवलं.

सोमवारी पातकालगुक्सू. एका वस्तीतल्या बाजारात, जिथे पर्यटक कुणीच नव्हतं. तिथे मशीन नाही, टॅबलेट नाही, इंग्रजी नाही. वयस्कर जोडपं चालवतं. कार्ड आजोबांनी चष्मा लावून वाचलं, मग आजीबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. आजीबाईंनी उत्तर म्हणून दाणे, मीठ आणि पाणी एवढ्याच वस्तू ओट्यावर मांडल्या. मी नऊ हजार वोन दिले आणि स्वतःसाठी दुसरं काही मागवलं. आईपुढे गरम, विटकरी रंगाचा, घोटून गाळलेला सार आणि त्यात जाड नूडल्स. बाजूला मुळ्याच्या गार पाण्याची वाटी आली ती आईने बाजूलाच ठेवली, कारण तिच्यातही जवळा आहे का याचं उत्तर दोघांचं वेगवेगळं होतं. इथे टेबलावर साखर होतीच. आईचं मत, ही सोयाबीनपेक्षा कितीतरी सरस. माझं मत उलटं. उन्हाळ्यात दुपारी एक वाजता गरम गोड नूडल्स मला झेपल्या नाहीत, पण वाडगा माझा नव्हता.

कांदा-लसूण न खाणाऱ्यांसाठी: या दोन्ही वाडग्यांत सहसा कांदा-लसूण नसतं, तरी विचारूनच घ्या, आणि किमचीला हात लावू नका. सोलमध्ये बौद्ध मठांच्या पद्धतीचं जेवण देणारी हॉटेलंही आहेत. त्या पद्धतीत कांदा, लसूण आणि त्या जातीच्या भाज्या वर्ज्यच असतात. मात्र ते ऐसपैस बसून जेवायचं जेवण आहे, नूडल्सच्या दुकानापेक्षा बरंच महाग पडतं आणि आधी जागा राखून ठेवावी लागते.

जाणार असाल तर महिना बघून ठरवा. कोंगगुक्सू साधारण मे ते सप्टेंबरच्या सुमारास असते, नंतर दारावरची पाटीच उतरते. थंडीत गेलात तर पातकालगुक्सू शोधा. त्या कार्डातल्या चार ओळी कुणाकडून तरी लिहून घेऊन फोनमध्ये फोटो म्हणून ठेवा, कारण बाजारात आतल्या बाजूला नेट जातं.